शेवटच्या गाण्यातली रांग

मावशीला हा सिनेमा मी दाखवला तो तिचं मन रमावं म्हणून. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती दीड महिना आमच्याकडे होती. बाहेर आषाढ लागलेला, दिवसभर पलंगावर पाय सरळ ठेवून बसायचं, आणि बोलून बोलून बोलणार तरी किती? "नाचगाण्याचं काहीतरी लाव गं," ती म्हणाली. "जुनं. रंगीत नसलं तरी चालेल." मी 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३' लावला. वॉर्नर ब्रदर्सचा सिनेमा, दिग्दर्शक मर्व्हिन लरॉय, नाच बसवलेत बझ्बी बर्कलीने. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर कोरसमध्ये नाचणाऱ्या आणि सध्या हाताला काम नसलेल्या मुलींची गोष्ट. मावशीचं इंग्रजी बेताचं, म्हणून मी शेजारी बसून सांगत होते.

मावशी स्वतः सतरा वर्षं हिंदी सिनेमात ग्रुप डान्सर होती. नायिकेच्या मागे, बहुतेक दुसऱ्या रांगेत. तिचा चेहरा पडद्यावर आमच्या घरच्यांना तेवढा शोधता येतो. लहानपणी 'छायागीत' लागलं की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आली गं आली, डावीकडून तिसरी!" आणि आम्ही धावत येईपर्यंत ती पडद्यावरून गेलेली असायची.

सिनेमाची सुरुवातच एका झगमगीत गाण्याने होते. जिंजर रॉजर्स आणि तिच्या मागे पन्नासेक मुली, अंगावर कपड्यांऐवजी नाणीच नाणी. गाणं म्हणतं, आता आपल्याकडे पैसाच पैसा, वाईट दिवस गेले, घरमालकाच्या डोळ्याला डोळा भिडवता येईल. मध्येच एक कडवं ती अक्षरांची उलटापालट करून गाते, आपण लहानपणी 'च'ची भाषा बोलायचो तसं. गाणं ऐन रंगात आलेलं असताना जप्तीवाले दारातून आत शिरतात. निर्मात्याने देणी थकवलेली असतात. पडदे, दिवे, सामान, मुलींच्या अंगावरची नाणीसुद्धा ओढून घेतात. खेळ सुरू व्हायच्या आधीच बंद. पैसा आला म्हणून गाणाऱ्या मुली पाच मिनिटांत पुन्हा बेकार.

मावशी म्हणाली, "थांबव."

मी थांबवलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग तिने एक गोष्ट सांगितली. मी ती आधी कधीच ऐकली नव्हती. एका मोठ्या गाण्याची तालीम चार दिवस चालली होती. पाचव्या दिवशी सगळ्या मुली सकाळी सातला मेकअप करून बसल्या, आणि दहा वाजता सेट उभारणारे सुतार येऊन तोच सेट मोडायला लागले. फायनान्सरने हात वर केले होते. ड्रेसवाल्याने येऊन अंगावरचे घागरे मागितले. "मी स्क्रीनमागे जाऊन बदलत होते आणि तो बाहेर मोजत उभा, किती आले, किती राहिले. तालमीचे पैसे आजतागायत मिळायचेत." हे तिने चिडून सांगितलं नाही. तारखेची आठवण काढावी तसं सांगितलं.

पुढच्या प्रसंगाला मात्र ती मनापासून हसली. तिघी मैत्रिणी एका खोलीत राहतात, सकाळचे चढले तरी अंथरुणातच, कारण उठून करायचं काय? त्यातली ट्रिक्सी खिडकीतून लांब चिमटा बाहेर काढून शेजाऱ्यांच्या दुधाची बाटली उचलते. मावशीही गिरगावात अशीच तिघींत एका खोलीत राहिली होती. दूध चोरायची वेळ त्यांच्यावर आली नाही, पण आरेच्या केंद्रावरची अर्ध्या लिटरची एक बाटली तिघींत पुरवायची पाळी आठवड्यातून चार दिवस यायची. आणि सिनेमात जसं होतं, की निर्मात्याला भेटायला जायचं तर एकीच्याच अंगावर धड कपडे घालता येणार, तसं यांच्याकडेही होतं. शिफॉनची एक आकाशी साडी. ज्या मुलीला मास्टरजींनी बोलावलं असेल, तिने त्या दिवशी ती नेसायची.

आता शेवटाकडे यायच्या आधी एक प्रसंग सांगितलाच पाहिजे, कारण माझ्या मते या सिनेमाचा शेवट तिथे पेरलेला आहे. निर्माता बार्नी हॉपकिन्स मुलींच्या खोलीवर येतो. नवा खेळ करायचाय, विषय मंदीचा, खिशात दमडी नाही. शेजारच्या खोलीत ब्रॅड नावाचा तरुण पियानो वाजवत असतो. बार्नी त्याला बोलावून घेतो. ब्रॅड सांगतो की आदल्या रात्री टाइम्स स्क्वेअरला त्याने भुकेल्यांची रांग पाहिली, पावसात उभी, कॉफीसाठी आणि खाण्यासाठी, आणि त्यावर त्याला एक चाल सुचली आहे. तो वाजवायला लागतो. नेहमी तोंडात सिगार धरून खेकसणारा बार्नी हळूहळू गप्प होतो. त्याला ती माणसं दिसायला लागतात. हाच आपला खेळ, हेच सांगायचं, असं तो म्हणतो.

आणि मग सिनेमा हे सगळं विसरल्यासारखा वागतो. तासभर निव्वळ धमाल. ब्रॅड हा बॉस्टनच्या बड्या घराण्यातला मुलगा निघतो, त्याचा भाऊ आणि घरचा वकील त्याचं त्या तिघींतल्या एकीशी ठरलेलं लग्न मोडायला येतात, एकीला दुसरी समजतात, आणि शेवटी तिघींचीही लग्नं जुळतात. मधली गाणीही लाडिक. एका गाण्यात साठेक मुली निऑनच्या दिव्यांनी उजळलेली व्हायोलिनं घेऊन अंधारात नाचतात. या गाण्याच्या चित्रीकरणात १० मार्च १९३३ रोजी लाँग बीचचा भूकंप झाला. दिवे गेले. बर्कली कॅमेऱ्याच्या क्रेनवरून पडता पडता एका हाताने लोंबकळत राहिला, आणि तीस फूट उंच फळ्यांवर उभ्या असलेल्या मुलींना त्याने ओरडून सांगितलं, दारं उघडून उजेड येईपर्यंत आहात तिथे खाली बसा. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा तिने गाणं संपेपर्यंत दुसरं काही पाहिलंच नाही. ती त्या मुलींच्या पायांखालच्या फळ्या पाहत होती.

तर असा सगळा आनंदीआनंद झालेला असताना, विंगेत तिघींतली कॅरल आणि बॉस्टनचा तो भाऊ यांचं भांडण मिटतं. ती मिठीतून बाहेर येते न येते तोच तिला हाक येते, चल, स्टेजवर. ती पळते. पडदा वर जातो.

अंधारा रस्ता. दिव्याच्या खांबाला टेकून उभी असलेली एक बाई, काळा तंग झगा, हातात सिगारेट. उभं राहण्याच्या पद्धतीवरूनच कळतं की ही गिऱ्हाइकाची वाट बघणारी आहे. ही कॅरलच, म्हणजे जोन ब्लाँडेल. आत्ता दोन मिनिटांपूर्वी जिचं श्रीमंत माणसाशी लग्न ठरलं ती. एक फाटका माणूस रस्त्यावरचं थोटूक उचलायला वाकतो. ती त्याला थांबवते, धड सिगारेट पेटवून त्याच्या ओठांत ठेवते. मग ती बोलायला लागते. गात नाही, नुसतं बोलते. आशय असा: माझ्या या विसरलेल्या माणसाची आठवण ठेवा. तुम्हीच त्याच्या हातात बंदूक दिलीत, लांब पाठवलंत, जयजयकार केलात, आणि आज त्याच्याकडे पाहा.

कॅमेरा वर सरकतो. खिडकीत एक काळी स्त्री बसलेली आहे. ती हेच शब्द गाते, आणि ज्या आवाजात गाते तो आवाज आतापर्यंतच्या सगळ्या सिनेमात नव्हता. दुसऱ्या खिडकीत एक म्हातारी. आणखी एकीत मूल घेतलेली तरुण बाई. खाली पोलीस पायरीवर झोपलेल्या एका माणसाला उठवून हुसकावू पाहतो. कॅरल पुढे होते आणि त्या माणसाच्या कोटाची कॉलर उलटून दाखवते. आत पदक आहे. पोलीस मागे सरतो.

मग रस्त्याची मिरवणूक होते. गर्दी, निशाणं, तरुण सैनिक पाय आपटत युद्धाला निघालेले. पुढच्याच क्षणी पाऊस, आणि तीच माणसं परत येताना, डोक्याला बँडेज, एकमेकांच्या खांद्यावर ओझं. आणि तीच रांग चालता चालता पावाच्या रांगेत बदलते. कॉलर वर केलेली, टोपी कपाळावर ओढलेली माणसं. एक सिगारेट दोघांत. शेवटी मोठमोठ्या कमानी, कमानींवरून पाठमोऱ्या सावल्यांसारखे चालणारे सैनिक, खाली त्यांच्याकडे हात पसरलेली माणसं, मधोमध ती. गाणं टिपेला पोचतं आणि सिनेमा संपतो. तिथेच. विंगेत परत जायचं नाही, नवऱ्यामुलांचे चेहरे दाखवायचे नाहीत, प्रेक्षकांच्या टाळ्यासुद्धा नाहीत.

मी हा सिनेमा कॉलेजात पहिल्यांदा पाहिला तेव्हा बरोबरचे दोघे-तिघे म्हणाले होते, शेवट उपरा वाटतो, जोडल्यासारखा. हे मत मी नंतरही पुष्कळदा ऐकलं. त्यात तथ्याचा एक धागा आहे. आधी हे गाणं शेवटी नव्हतं. ते पाहून स्टुडिओचे जॅक वॉर्नर आणि डॅरिल झॅनक इतके हलले की त्यांनी ते उचलून शेवटाला ठेवायला सांगितलं, आणि बागेतल्या प्रेमाचं जे खेळकर गाणं शेवटी यायचं होतं ते त्याच्या आधी आलं. पण मला वाटतं, त्या हलवण्यानेच सिनेमा पुरा झाला. पियानोपाशी बार्नीने जे कबूल केलं होतं ते तो इथे देतो. ज्या मुलींना काम मिळालं, त्या मिळालेला रंगमंच न मिळालेल्यांना देऊन टाकतात. मधल्या तासभरात आपण हसलो ते सुटलेल्यांबरोबर. तीन मुली सुटल्या, कारण शेजारच्या खोलीत योगायोगाने एक श्रीमंत मुलगा पियानो वाजवत होता. तो नसता तर कॅरल कुठे उभी असती, ते शेवटच्या गाण्यात तीच उभी राहून दाखवते. एकच नटी, एकच चेहरा. दोन्ही बायकांमध्ये एका खोलीच्या भिंतीइतकंच अंतर आहे.

हे गाणं हवेतून आलेलं नव्हतं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना १९२४च्या कायद्याने बोनस मंजूर झाला होता, पण हातात पडणार होता १९४५ साली. मंदीत घरदार गेलेल्या या माणसांनी १९३२च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन गाठलं, बायकामुलांसह, हजारोंनी. अ‍ॅनाकोस्टिया नदीकाठी पत्र्याच्या आणि खोक्यांच्या झोपड्या टाकून ते राहिले. म्हणणं एवढंच की आमचे पैसे आत्ता द्या. सिनेटने नाही म्हटलं. २८ जुलैला जनरल मॅकआर्थरच्या हुकमतीखाली घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन लष्कर आलं, आणि त्या झोपड्या जळाल्या. ज्या लष्करातून हे लोक लढले त्याच लष्कराने त्यांना हाकललं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रूझवेल्टने रेडिओवरच्या भाषणात आर्थिक उतरंडीच्या तळाशी असलेल्या 'विसरलेल्या माणसा'चा उल्लेख केला होता. गाण्याने तो शब्द उचलला. अखेर बोनस मिळाला १९३६मध्ये, तोही अध्यक्ष रूझवेल्टचा नकाराधिकार डावलून.

गाणं करणाऱ्यांनाही हे बाहेरून माहीत नव्हतं. शब्द लिहिणारा अल डुबिन महायुद्धात सैनिक होता. बर्कली तोफखान्यात अधिकारी होता आणि शेकडो सैनिकांची कवायत बसवण्याचं काम त्याने केलं होतं. त्याच्या सगळ्या नाचांतल्या रांगा तिथूनच आल्या, असं म्हणतात ते पटतं. पण मुलींच्या शिस्तीतल्या रांगा आपल्याला नुसत्या सुंदर वाटतात. या गाण्यात रांग पुन्हा जिथून आली तिथे जाते, सैनिकांकडे. आणि लरॉयने आदल्याच वर्षी 'आय अ‍ॅम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग'मध्ये एक माणूस दाखवला होता. तो युद्धातलं पदक गहाण टाकायला जातो, तर सावकार त्याला तशाच पदकांनी भरलेली पेटी दाखवतो. कॉलरखालचं पदक त्या पेटीतलंच आहे असं मला वाटत राहतं.

आणखी एक. चित्रीकरण चालू असतानाच मार्च १९३३मध्ये अमेरिकेतल्या बँका बंद झाल्या आणि हॉलिवूडच्या स्टुडिओंनी आठ आठवडे पगार कापले. म्हणजे अंगावर नाणी लावून नाचणाऱ्या त्या मुलींच्या घरातही त्या महिन्यात ओढगस्त होती. मावशीने हे ऐकून फक्त मान हलवली. तिला ते सांगायची गरज नव्हती.

गाणं संपल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. वाटलं होतं, विचारेल की लग्नाचं पुढे काय झालं. तिने विचारलं, "ती खिडकीतली कोण?"

तिचं नाव एटा मोटेन. सिनेमाच्या श्रेयनामावलीत ते नाव नाही. पडद्यावर ती काही क्षण दिसते. त्या काळच्या सिनेमात काळ्या बाईच्या वाट्याला मोलकरणीचं काम यायचं, आणि इथे ती कुणाची मोलकरीण नाही. आपल्या घराच्या खिडकीत बसलेली, आपल्या माणसासाठी गाणारी बाई आहे. हे तेव्हा थोडं नव्हतं. १९३४ साली रूझवेल्टच्या वाढदिवसाच्या निमित्ताने ती व्हाइट हाउसमध्ये गायली. १०२ वर्षांचं आयुष्य मिळालं तिला, २००४मध्ये गेली. तरी मला हे खुपतंच की विसरलेल्यांची आठवण ठेवा म्हणणाऱ्या गाण्यात, ज्या गळ्याने ते म्हटलं त्याचं नाव लिहायचं राहिलं. सिनेमावरचं माझं प्रेम त्याने कमी होत नाही, पण हे बोलल्याशिवाय पुढेही जाता येत नाही.

मावशीने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. "एटा मोटेन. एटा मोटेन." मग म्हणाली, "आपल्या गावच्या चावडीवर पाटी आहे ना, तशीच गं ही गोष्ट."

माझं आजोळ सातारा जिल्ह्यात. तिकडच्या कितीतरी गावांतून माणसं त्याच महायुद्धाला गेली. अपशिंगे गावाचे तर ४६ जण त्या युद्धात कामी आले, गावाच्या नावापुढेच 'मिलिटरी' लागलं. आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीतही संगमरवराची एक लहान पाटी बसवलेली आहे. इंग्रजीत कोरलंय की या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नाव एकही नाही. लहानपणी आम्ही त्या पाटीखाली सावलीत सागरगोटे खेळायचो. मावशी म्हणाली की तिच्या आजीच्या माहेरचा एक जण त्या पहिल्या आकड्यात होता. परत आला तो, पण बोलायचा नाही. दर शनिवारी चावडीशी येऊन पाटीकडे बघत बसायचा. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या शाळकरी पोरांना विचारायचा, काय लिहिलंय. पोरं आकडे वाचून दाखवायची. तो पुन्हा विचारायचा.

"त्याचं नाव काय होतं?" मी विचारलं.

तिने आठवून पाहिलं. आईला फोन लावला. आईलाही आठवेना. दोघी बराच वेळ फोनवर माहेरच्या माणसांची नावं एकामागून एक घेत राहिल्या, कोण कुणाचा, कोण कुठे दिला. ते नाव काही आलं नाही.

संध्याकाळी चहा झाल्यावर मावशी म्हणाली, "ते शेवटचं परत लाव. पावसातलं." मी लॅपटॉप तिच्या मांडीवर दिला. या वेळी तिने भाषांतर मागितलं नाही. सैनिक परत येतात तिथे तिने चष्मा पुसला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेली. रांग सुरू झाली. तिने बोटाने थांबवायची खूण केली, मग मागे घ्यायला लावलं, मग पुन्हा थांबवलं.

"हा बघ," ती म्हणाली. "डावीकडून. याचा चेहरा जरा दिसतो. दोन सेकंद."

टोपी कपाळापर्यंत, गालफडं बसलेली. रोजंदारीवर आलेला कुणी माणूस.

"याच्या घरच्यांनी ओळखलं असेल," मावशी म्हणाली. "जरा मागे घे. नीट बघू दे त्याला."